राजीखुशीचा आहेर

मालगुजारी गेली त्याला दोन वर्षं झाली होती, पण दिवाणजींच्या चालीतून ती अजून गेली नव्हती. पिंपळबोडीच्या ढिवरमोहल्ल्यात ते येत तेव्हा आधी त्यांचा खोकला येई, मग छत्री येई आणि मग ते स्वतः. माघाच्या थंडीत छत्री कशाला, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पूर्वी विचारायची हिंमत नव्हती आणि आता सवय नव्हती.

गोकुळा दारात बसून जाळं सांधत होती. चाळिशीची बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. डोंगा स्वतः वल्हवायची, मासे स्वतः विकायची आणि जीभ तर कोणाच्या मदतीशिवायच चालवायची.

"लटारू कुठं आहे?" दिवाणजींनी विचारलं.

"तलावात."

"आणि मुखरू?"

"तलावात."

"मग मी निरोप कोणाला सांगू?"

"मी मेली का?" गोकुळा म्हणाली. "सांगा मले."

निरोप असा होता की मोठ्या घरी, म्हणजे मालगुजारांच्या घरी, नातवाचा पहिला वाढदिवस आहे, येत्या गुरुवारी पूजा आणि जेवण आहे, आणि ढिवरांच्या अकराही घरांना बोलावणं आहे. खरं म्हणजे पोरगं पौषात जन्मलेलं. पौषात शुभकार्य नको म्हणून भटजींनी वाढदिवस माघात ढकलला. त्यामुळे पोराचे तेरा महिने होऊन गेले, तरी वाढदिवस पहिलाच राहिला. सूनबाई नागपूरची शिकलेली, तिनं नाव ठेवलं विश्वजीत. मोहल्ल्याच्या जिभेवर ते बसेना, म्हणून मोहल्ल्यानं त्याचा इसवाजी करून टाकला.

ढिवरमोहल्ल्यात वाढदिवस हा प्रकारच नव्हता. तिथं वय विचारलं तर 'तलावाची पार फुटली तेव्हा हा पोटात होता' असं उत्तर मिळायचं, आणि तेवढ्यावर लग्नंसुद्धा जुळायची.

दिवाणजींनी बगलेतून एक लाल कापडात बांधलेली वही काढली. "आमच्या भैयासाहेबांचा, म्हणजे या बाळाच्या वडिलांचा पहिला वाढदिवस झाला सन सव्वीसला. तेव्हा ढिवर मंडळींचा आहेर: दर डोंग्यामागे एक रुपया, सोळा सेर मासे, अकरा मोळ्या सरपण."

"हे काऊन वाचून राह्यले?"

"मी मागत नाही बरं. कायदा बदललाय. मालक म्हणाले, ज्याला जे राजीखुशीनं द्यायचं ते द्यावं. मी नुसतं वाचून दाखवलं."

दिवाणजी गेले. गोकुळाच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. सव्वीस सालचा तो दिवस तिला आठवत होता. तेरा वर्षांची ती, नुकतीच नांदायला आलेली. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत मोठ्या घराच्या मागल्या अंगणात बसून तिनं सोळा सेर मासे साफ केले होते. ज्याचा वाढदिवस होता ते पोरगं काळं की गोरं, हेही तिनं पाहिलं नव्हतं.

दुपारी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सगळे जमले. पूर्वी गाव, जंगल, तलाव सगळं मालकाचं होतं. आता तलाव सरकारचा झाला होता आणि ढिवरांनी सोसायटी काढून मासेमारीचा ठेका लिलावात घेतला होता. सोसायटीचा अध्यक्ष लटारू, म्हणजे गोकुळाचा दीर. त्याला अध्यक्ष झाल्यापासून उभं राहूनच बोलता येत होतं.

"एक छदाम द्यायचा नाई!" तो उभा राहून म्हणाला. "आता आपून कोणाचे नोकर नाई. सरकारनं सांगतलं."

मुखरू म्हातारा उकिडवा बसून तंबाखू मळत होता. मोहल्ल्यात सगळ्यात वडील तोच. "सरकार नागपुरात राह्यते, बाबू. मालक इथी राह्यते. जसं होतं तसं देऊन टाका. सोळा सेर मासे, डोंग्यामागं रुपया. झंझट नाई."

"भाऊ, तुमच्या पाठीले अजून वाकाची सवय आहे."

"आन् तुझ्या पाठीत अजून हाडच आलं नाई!"

दोघं एकमेकांच्या अंगावर जाणार, तेवढ्यात गोकुळा म्हणाली, "मले एक सांगा. जेवाले जाणार का नाई?"

मोठ्या घरचं जेवण म्हणजे पुरी, बुंदी, वांग्याची भाजी आणि वडे. लटारूच्यासुद्धा तोंडाला पाणी सुटलं.

"जाऊ," तो म्हणाला. "बोलावलं आहे तं जाऊ."

"मंग बारक्या पोट्ट्याच्या घरी खाली हातानं जेवसान? सोयऱ्याच्या घरी बारशाले जातो तं झबलं नेतो का नाई?"

"हाव, पण थो सोयरा आहे."

"मंग सोयऱ्यावानी देऊ. डोंग्यामागं नाई, घरामागं. मासे नाई, सरपण नाई. पैसे जमवू आन् पोट्ट्यासाठी काईतरी आणू, पोट्ट्याच्या कामाचं."

आता अडचण अशी आली की किती जमवायचे. हुकमाचा दर सगळ्यांना पाठ होता, राजीखुशीचा दर कोणालाच ठाऊक नव्हता. कोणी म्हणालं दोन आणे, तर त्याला बाकीचे भिकारी म्हणाले. कोणी म्हणालं एक रुपया, तर त्याला विचारलं, तुझा बाप मालगुजार होता का? तास गेला. शेवटी आठ आण्यांवर ठरलं, आणि तेही अशा कारणानं की आठ आणे दिले की कोणालाच बरं वाटत नव्हतं, पण कोणाला फारसं वाईटही वाटत नव्हतं. अकरा घरांचे साडेपाच रुपये झाले. मुखरूनं आपली अधेली देताना ती तीनदा कपाळाला लावली, जणू ती सासरी चालली होती.

बाजार करायला गोकुळालाच पाठवायचं ठरलं. मूल गावच्या बाजारात ती दर आठवड्याला मासे विकत असे, आणि तिथल्या लबाडांची तिला नावानिशी ओळख होती.

चार कोस चालून ती मूलला पोचली, मासे विकले आणि पदराची गाठ चाचपत आधी सोनाराकडे गेली. वर्षाच्या पोराच्या हातांत घालायची चांदीची कडी दाखवा म्हणाली. सोनारानं दाखवली. जोडीची किंमत सांगितली अकरा रुपये.

"साडेपाचात का येते?"

सोनारानं तिच्याकडे पाहिलं, मग कड्यांकडे. "साडेपाचात एका हातातलं येईल, बाई. दुसऱ्या हातातलं दिवाळीले न्या."

एका हातात कडं घातलेलं पोरगं तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि 'दुसरं कुठं गेलं' असं म्हणत दिवाणजी वहीत पाहताना दिसले. ती उठली.

कापडवाल्याकडे जरीची टोपी होती, तीन रुपयांची. टोपी झकास होती. पण पोरांचं डोकं कसं वाढतं ते गोकुळाला माहीत होतं. तिची चार पोरं होती आणि चारही जणांची डोकी आधी वाढली, अक्कल मागून आली, एकाची तर अजून यायची होती. उन्हाळ्यापर्यंत ती टोपी नारळाला घालावी लागली असती.

मग एका दुकानात तिला टिनची मोटार दिसली. लाल रंगाची, आत चिमुकला साहेब बसलेला. दुकानदारानं चावी फिरवली आणि सोडली. मोटार घर्रर्र करत निघाली, दुकानाच्या पायरीवरून खाली पडली, गोकुळाच्या अंगठ्यावर आदळली आणि थांबली. साहेबाची मान वाकडी झाली.

"चार रुपये बारा आणे," दुकानदार म्हणाला.

"मान मोडलेल्या साहेबाचे?"

"तुमच्या पायानंच मोडली."

"माझा पाय इथी तुमच्या मोटारीच्या आधीपासून उभा आहे," गोकुळा म्हणाली. पण अंगठा ठणकत होता, आणि खरं सांगायचं तर चावी फिरवून तिलाही एकदा मोटार सोडून बघायची होती. ते विचारणं बरं दिसलं नसतं. शिवाय वर्षाचं पोरगं चावी आधी गिळेल आणि मोटार मागून, हेही तिला दिसत होतं.

दोन आण्यांचा चहा-भजी खाऊन ती रिकाम्या हातानं परत आली. मोहल्ल्यात आल्या आल्या तिनं सांगितलं की त्या पैशातले दोन आणे आपण खाल्ले आणि बाकीचे शाबूत आहेत. यावर लटारूनं तोंड वेंगाडून म्हटलं, "वैनी, आहेर आणाले गेली होती का भजे खाले?"

"दोन्हीले गेली होती. भजे भेटले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे मोठ्या घराच्या मागच्या दाराशी मासे घेऊन गेली. टोपलीत एक मरळ अजून जिवंत होता आणि अधूनमधून शेपूट आपटत होता. दाराशी सूनबाई उभी होती आणि पोरगं एका मोलकरणीच्या कडेवर होतं. गोकुळानं इसवाजीला एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. गोरं, गुबगुबीत, काजळाचं बोट गालावर, पायांत चांदीचे वाळे. पाय असे मऊ की नुकत्याच काढलेल्या लोण्याचे वाटावेत. तळव्यांना भेग सोडाच, धूळही नव्हती.

मरळानं शेपूट आपटलं तसं पोरानं किंकाळी फोडली आणि अख्खं अंग टोपलीकडे झोकून दिलं. हवेतच पाय मारू लागलं, पोहायला शिकणाऱ्या पोरासारखं. मोलकरणीनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. ते रडू लागलं. तेवढ्यात आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "अगं, खाली ठेवू नको त्याला! माती लागेल!"

मोलकरणीनं पोराला दुसऱ्या मोलकरणीच्या हातात दिलं. दुसरीनं आत नेलं. रडणं आतल्या आत लांब लांब जात राहिलं.

सूनबाई हळूच म्हणाली, "गोकुळाबाई, तुमच्याकडची मुलं कितव्या महिन्यात चालतात हो?"

"दहाव्या, अकराव्या. काई काई तं नवव्याच महिन्यात तलावाकडं निंगते."

सूनबाईचा चेहरा उतरला. "हा उभासुद्धा राहत नाही. नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पाय चांगले आहेत, जमिनीवर सोडा. पण इथं जमिनीवर सोडू देतील तर ना. एकीच्या हातून दुसरीच्या हातात. मी सोडलं तर सासूबाई उचलतात. रात्री मला झोप येत नाही. तुम्ही काय करता? तेल लावता का कसलं?"

"तेल खायाले पुरत नाई, बाई. आमच्याकडं उचलाले कोणी रिकामं नसते, म्हणून चालते पोट्टे."

हे बोलून गोकुळा मासे तोलायला लागली आणि मधेच थांबली. तिनं मरळ सूनबाईच्या पातेल्यात टाकला, पैसे घेतले आणि घरी न जाता सरळ नथ्थू सुताराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"नथ्थूभाऊ, पांगुळगाडा करून दे. बुधवारपर्यंत."

नथ्थू बंडीच्या चाकाला आरे बसवत होता. "कोणासाठी? तुमच्याकडं कोण्या पोट्ट्याले गाडा लागते?"

गोकुळानं सांगितलं. नथ्थूनं हातोडी खाली ठेवली. "मोठ्या घरी? मंग सागवानाचा पाह्यजे. आन् सागवान सरकारचं. जंगलाचा नाकेदार पाह्यल तं मी आत आन् गाडा बाहेर."

"शिवणीच्या लाकडाचा कर. हलका होते."

"सहा रुपये."

"चार."

"गोकुळाबाई, तीन चाकं आहेत, दांडी आहे, घासणं आहे. पोट्ट्याच्या हाताले लाकडाचा फास लागला तं मालक माह्या हाताले काय लावतील?"

साडेचार रुपये आणि वर एक मरळ, असा सौदा पटला. मरळ गोकुळाच्या टोपलीतून जायचा होता, त्यामुळे तो हिशेबात कोणी धरला नाही, तिनंही नाही. उरलेल्या पैशातून आठ आण्यांचे घुंगरू आणले आणि चाकांना बांधले. नथ्थूनं दांडीला गेरू लावला. मग सहा आणे उरले. सहा आणे अकरा घरांत कसे वाटायचे यावर पारीवर पुन्हा एक सभा भरली, ती पहिल्या सभेपेक्षा लांबली. शेवटी मुखरूनं सहा आण्यांच्या विड्या आणल्या आणि प्रश्न धुरात सोडवला.

लटारूला गाडा पाहून भलताच आनंद झाला. "वा वैनी! मालगुजाराच्या घरी पांगुळगाडा! म्हणजे, तुम्ही पांगळे झाले, आता ढिवराच्या आधारानं चाला! काय टोमणा मारला!"

"टोमणा नाई मारला, बावा. पोट्टं चालत नाई म्हणून गाडा घेतला."

पण लटारूला ते पटलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळ्या गावाला टोमणा समजावून सांगितला होता. गोकुळाच्या कानावर ते आलं तेव्हा उशीर झाला होता. गाडा बदलायला आता ना वेळ होता ना पैसे. विड्याही ओढून झाल्या होत्या.

गुरुवारी मोठ्या घरच्या अंगणात मांडव पडला. ओसरीवर पूजा, पाहुण्यांना सतरंज्या, आणि एका बाजूला दिवाणजी वही घेऊन बसलेले. आहेर आला की ते मोठ्यानं वाचत आणि लिहीत. मूलच्या व्यापाऱ्याकडून चांदीची वाटी. चांद्याच्या सोयऱ्यांकडून सोन्याची अंगठी. शेजारच्या गावच्या माजी मालगुजाराकडून लोकरी शाल आणि रुपये एकावन्न. इसवाजीला जरीचा अंगरखा घालून आजीच्या मांडीवर बसवलं होतं आणि तो प्रत्येक आहेर तोंडात घालून पाहत होता. अंगठी त्याच्या तोंडातून काढायला दोघीजणी लागल्या.

ढिवरांची पाळी आली. लटारू पुढे व्हायला हवा होता, पण मोठ्या घराच्या अंगणात पाऊल टाकल्यापासून अध्यक्षांना कंठ फुटत नव्हता. ते खांबाच्या मागे उभे होते. गोकुळानंच गाडा उचलून आणला आणि मालकांपुढे ठेवला. घुंगरू वाजले.

"ढिवर मंडळी," दिवाणजींनी वाचलं. "लाकडी पांगुळगाडा, नग एक. किंमत?"

"किंमत लिवू नका."

"मग काय लिहू?"

"लिवा, अकरा घरांचा."

याच वेळी मुखरूला राहवलं नाही. सत्तर वर्षांची सवय ती. त्यानं घोंगडीखालून पळसाच्या पानांत बांधलेलं गाठोडं काढलं आणि चांदीच्या वाटीशेजारी ठेवलं. "आन् दोन सेर मासे, मालक. माह्याकडून. जुनी रीत आहे."

गाठोडं सुटलं. मासे चांगले ताजे होते, पण वास काही पूजा आहे की बाजार आहे ते पाहत नाही. भटजी मंत्राच्या मध्यावर उठून उभे राहिले. मालकीणबाई ओरडल्या, "अहो, सत्यनारायण आहे आज!" चांद्याच्या सोयऱ्यांनी नाकाला उपरणं लावलं. इसवाजीनं मात्र मासे पाहिले आणि आजीच्या मांडीवर उड्या मारू लागला. दोन गड्यांनी गाठोडं मागल्या दारानं नेलं आणि भटजींनी गोमूत्र मागवलं.

या गोंधळात मालक उद्धवराव एकटेच शांत होते. ते गाड्याकडे पाहत होते. गावातली बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

"पांगुळगाडा," ते म्हणाले. "म्हणजे माझा नातू पांगळा, का आम्ही सगळेच? दोन वर्षांत इतकं बोलाले शिकले तुम्ही लोकं?"

खांबामागून अध्यक्ष आणखी मागे सरकले. गोकुळानं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात सूनबाई उठली. तिनं सासूच्या मांडीवरून पोराला उचललं, अंगणात आली, गाड्यामागे जमिनीवर त्याला उभं केलं आणि त्याची दोन्ही हातांची बोटं दांडीभोवती वळवली. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, माती!" सूनबाईनं ऐकलं नाही. तिनं हात काढून घेतले.

पोरगं लटपटलं. गुडघे वाकले. पडतंय असं वाटलं तेवढ्यात गाडा वीतभर पुढे गेला आणि घुंगरू वाजले. पोरानं खाली पाहिलं, कोण वाजलं ते. मग एक पाय उचलला. पुन्हा घुंगरू. दुसरा पाय. मग त्याला कळलं की हे आपणच वाजवतोय, आणि ते जोरात हसलं.

मोठ्या घराचं अंगण फाटकाकडे उतरतं होतं, पावसाचं पाणी जावं म्हणून. हे नथ्थूनं धरलं नव्हतं आणि गोकुळानंही नाही. दहा पावलांनंतर पोरगं गाडा ढकलत नव्हतं, गाडा पोराला ओढत होता. भटजींच्या चपलांवरून तो गेला, मूलच्या व्यापाऱ्याच्या पायावरून गेला, सतरंजीची कड ओलांडून गेला. दांडी पोरानं सोडली नाही. वाळे, घुंगरू आणि त्याच्या किंकाळ्या मिळून एक वरातच फाटकाकडे निघाली.

"धरा! धरा त्याले!" मालकीणबाई ओरडल्या. मोलकरणी एकमेकींवर आपटल्या. आणि उद्धवराव, जे गेल्या तीस वर्षांत घरातून बंडीपर्यंतसुद्धा कधी घाईनं गेले नव्हते, ते धोतराचा सोगा धरून पळत सुटले. त्यांच्यामागे गोकुळा.

फाटकाच्या अलीकडे गाडा गोठ्याकडे वळला, शेणाच्या ढिगात घुसला आणि थांबला. पोरगं दांडीवरून पुढे गेलं आणि मऊशार शेणात तोंडघशी पडलं. गोकुळा उचलायला पुढे झाली. पण पोरानं मान वर केली. जरीचा अंगरखा, नाक, कान, सगळं हिरवंगार. त्यानं एकदा आजोबाकडे पाहिलं, एकदा गोकुळाकडे, आणि दांडी धरून पुन्हा उभं राहायला लागलं. उद्धवरावांनी वाकून हात पुढे केले तसं ते चिडून रडलं. त्यांनी हात मागे घेतले. रडणं थांबलं.

उद्धवराव गव्हाणीच्या काठावर बसले. धाप लागली होती.

"मले वाटलं," ते दम खात म्हणाले, "तुम्ही टोमणा मारला."

"मारला बी असता, मालक," गोकुळा म्हणाली. "पण अकरा घरांत साडेपाच रुपये जमवाले आमाले अख्खी दुपार लागली. एवढा महाग टोमणा आमाले परवडत नाई. टोमणा आमच्याकडं फुकटात भेटते."

उद्धवरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की धाप, ते गोकुळाला सांगता आलं नसतं.

"सव्वीस साली कोणी पांगुळगाडा देल्ला नाई आमाले," ते म्हणाले. "भैया अडीच वर्षांचा होईपर्यंत चालला नाई. त्याच्या मायनं किती नवस केले. मी कोणाले सांगतलं नाई."

गोकुळा पोराच्या नाकातलं शेण पदरानं पुसू लागली. मागून मालकीणबाई आल्या, नातवाची दशा पाहून त्यांनी कपाळावर हात मारला आणि गोकुळाला असं काही बोलल्या की ते इथं लिहिण्यासारखं नाही. सूनबाई त्यांच्या मागून आली. ती रडत होती आणि हसतही होती, आणि तिनं तसंच शेणानं भरलेलं पोरगं छातीशी धरलं. नागपुरी पातळाचं वाटोळं झालं.

पूजा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. भटजींनी दुप्पट दक्षिणा घेतली. जेवणाच्या पंगती दुपारी चारला बसल्या, आणि ढिवरांची पंगत नेहमीसारखी शेवटी आणि गोठ्याच्याच बाजूला बसली. त्यात काही बदल झाला नाही. लटारूनं तिथं बसून सोसायटीच्या पुढच्या सभेत हा मुद्दा घेईन असं जाहीर केलं आणि अकरा पुऱ्या खाल्ल्या. मुखरूला कोणीतरी सांगितलं की त्याचे मासे मागल्या अंगणात गड्यांनी भाजून खाल्ले. तो म्हणाला, "म्हणजे आहेर पोचला."

मालकीणबाईंनी रागानं गाडा माळ्यावर टाकायला लावला. दोन दिवस पोरगं इतकं रडलं की तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो खाली काढायला सांगितला, पण उतारावर मात्र चार विटा आडव्या लावून घेतल्या. होळीपर्यंत इसवाजी गाड्याशिवाय चालायला लागला, आणि एकदा चालायला लागल्यावर तो चालला नाहीच, पळतच सुटला. तीन मोलकरणींची वजनं उतरली. आसपासच्या पाच गावांतल्या मोठ्या घरांतून नथ्थूकडे मागण्या आल्या. त्यानं भाव साडेसातावर नेला, आणि गोकुळानं दलाली मागितली तेव्हा तिला बसायला एक पाट करून दिला.

मालकीणबाई गोकुळाशी चैत्रापर्यंत बोलल्या नाहीत. मासे मात्र घेत राहिल्या. मागच्या दाराशी ती टोपली उतरवायची, त्या मुकाट्यानं मासा दाबून पाहायच्या, बोटं दाखवून भाव सांगायच्या, ती बोटं दाखवून वाढवायची. एका सकाळी असाच मुका सौदा चालू असताना इसवाजी आतून धावत आला, टोपलीत दोन्ही हात घातले आणि एक जिवंत मरळ पोटाशी धरून अंगणात पळाला.

"अगं बाई, धर त्याले!" मालकीणबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हीच धरा, बाई," गोकुळा तराजू खाली ठेवत म्हणाली. "मी त्या मरळाचे पैसे आधी घेतो."

मालकीणबाई पदर खोचून अंगणात धावल्या.